शिवणं

इंदुरीत आषाढ लागला की माझ्या कपाटातल्या चामड्यावर पांढरी बुरशी येते. सकाळी उठून आधी ते बाहेर काढायचं, सुक्या फडक्यानं पुसायचं आणि वारा लागेल असं सावलीत पसरायचं. थेट उन्हात ठेवलं तर पापडासारखं वळतं. २०२५च्या जुलैमधल्या एका रविवारी मी ओट्यावर हेच करत बसले होते आणि गुरुजी आले.

गुरुजी म्हणजे माझे प्राथमिक शाळेतले शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मला बाराखडी शिकवली, चौथीच्या शिष्यवृत्तीला बसवलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी दाभाड्यांच्या गढीकडून निघतात, कडजाईला हात जोडतात आणि इंद्रायणीपर्यंत चालत जाऊन परत येतात. त्यांचं घराणं चर्मकाराचं. वडील गावाच्या वहाणा करायचे, मोटा सांधायचे. गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, तसं मला हे लहानपणापासून माहीत होतं. २०२०च्या टाळेबंदीत मी बँकेची नोकरी सांभाळून चामड्याची पाकिटं, पट्टे, चष्म्याची घरं शिवायला लागले. तेव्हा गावात ज्यांच्याशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं ते गुरुजीच. पण पाच वर्षं मी त्यांच्यापाशी हा विषय काढला नाही. त्यांच्यासमोर ‘माझा छंद’ म्हणायला जीभ वळत नव्हती.

त्या दिवशी चामडंच ओट्यावर पसरलेलं होतं.

“साल-हिरड्यातलं दिसतंय,” गुरुजी म्हणाले. हात लावला नाही, नुसतं वाकून वास घेतला.

“हो गुरुजी. म्हशीचं आहे.”

“म्हशीचंच असणार. गाईचं १९७६च्या कायद्यानं थांबलं, बैलाचं २०१५ला. काय करतेस याचं?”

मी आतून एक पाकीट आणून दिलं. त्यांनी ते घेतलं आणि आधी उघडून आतली बाजू पाहिली. दुकानातलं गिऱ्हाईक पाकिटाची बाहेरची बाजू बघतं. ते मात्र टाक्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत गेले आणि कोपऱ्याशी थांबले.

“इथं आरी तिरकी गेली.”

गेली होती. ते पाकीट महिनाभर माझ्या पर्समध्ये होतं, आणि तो टाका मला आजवर दिसला नव्हता.

“किती वेळ लागतो एकाला?”

“आठ तास तरी.”

“आणि विकतेस केवढ्याला?”

“फार विकत नाही, गुरुजी. पण मागे पुण्यात एका प्रदर्शनात ठेवली होती. अठराशेला.”

गुरुजी ओट्याच्या कडेला बसले. “तळेगाव स्टेशनबाहेर गटई कामगार बसतो, पत्र्याच्या स्टॉलमध्ये. परवा त्यानं माझ्या चपलेचा अंगठा शिवून दिला. वीस रुपये घेतले. टाका तुझ्यापेक्षा सरळ होता.”

“त्यांनीच मला शिकवलंय, गुरुजी. आरीला धार कशी लावायची, दोऱ्याला मेण कसं चढवायचं. मी तीन-चार महिने दर शनिवारी तिथं जाऊन बसायचे.”

“फी दिलीस?”

“पाकीट दिलं एक. दिवाळीला फराळ.”

“शिकवणीची फी असते, बाळ. मी शिकवायचो त्याचा मला पगार होता.”

खरं तर पहिल्याच महिन्यात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. इंग्रजीच्या क्लासची, गाण्याच्या क्लासची फी आपण न विचारता देतो. स्टेशनबाहेर बसलेल्या माणसाकडून विद्या घेताना ती ‘मदत’ वाटते, त्यांनी कौतुकानं दाखवलेली. कौतुकानंच दाखवली होती त्यांनी. तरी माझ्या त्या प्रत्येक शनिवारी त्यांची गिऱ्हाइकं ताटकळत उभी असायची.

“आईला चाललं तुझ्या हे?” गुरुजींनी विचारलं.

मी सुरुवात केली तेव्हा आई म्हणाली होती, ‘आता काय चांभारकी करायची राहिली होती का?’ हे गुरुजींना सांगावं की नाही ते क्षणभर ठरेना. मग सांगून टाकलं. त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “आणि आता काय म्हणते?”

“आता आल्यागेल्याला दाखवते. आमची मुलगी हँडमेड लेदरचं करते म्हणून.”

“टाका तोच ना?”

“तोच.”

“मग शब्द कशानं बदलला? माझ्या वडिलांच्या हातात होती तेव्हा ती चांभारकी. तुझ्या हातात आली, कला झाली. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. म्हणी आणि वाक्प्रचारांचा तास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. चांभारचौकशी. चांभाराच्या देवाला खेटराची पूजा. पोरं घरून ऐकून आलेली असायची, हात वर करून सांगायची. आणि आमच्या आळीतलं एखादं पोर मागच्या बाकावर खाली मान घालून पाटीवर रेघोट्या मारत बसायचं. त्या म्हणी मी फळ्यावर कधी लिहिल्या नाहीत. आणि तो एक शब्द बघ, शिवणं. सुईनं शिवणं आणि हातानं शिवणं, आपल्या भाषेत एकच. शिवाशिव त्यातलीच. गावानं आमच्याकडून शिवून घ्यायचं आणि आम्हाला शिवायचं नाही.”

मी चार वर्षं त्यांच्या वर्गात होते. फळ्यावर कोणत्या म्हणी कधी आल्या नाहीत, हे मला कसं कळणार होतं? न लिहिलेलं कुणाला दिसत नाही.

पण मला गप्प बसवेना. पाच वर्षं मनात घोळवलेलं उत्तर माझ्यापाशीही होतं.

“गुरुजी, मग मी काय करायचं? चामड्याला हात लावू नये? ज्याच्या घराण्यात जे काम होतं त्यानंच ते करावं, दुसऱ्यानं त्यात येऊ नये, असं म्हणायचं तर जातच राखल्यासारखं झालं. तसं असतं तर तुमच्याही हातात खडू आला नसता.”

बोलून गेले आणि वाटलं, जास्त झालं. गुरुजींनी मात्र मान डोलावली.

“बरोबर आहे तुझं. तो रस्ता बंद करायचा नाही. पण खडू धरला तेव्हा मला मागं फिरायची सोय नव्हती. नापास झालो असतो तर रापीच. तू रापी धरलीस, उद्या कंटाळलीस तर ठेवून देशील. बँक आहेच. छंद म्हणजे हेच ना, कधीही खाली ठेवता येतो?”

“आप्पासाहेब पटवर्धनही बाहेरूनच आले होते.”

“तू वाचलंस त्यांचं?”

वाचलं होतं. शिवायला लागल्यावर मी आपल्यासारखी आणखी कोण माणसं होऊन गेली ते शोधत गेले, आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमाशी येऊन थांबले. आप्पासाहेब, कोकणचे गांधी, जन्म १८९४चा. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं यासाठी या ब्राह्मण माणसानं उपोषण केलं, आणि पुढं मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलून कमावण्याचं काम हाती घेतलं. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवत होते. त्याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेत खुद्द गांधीजी. १९१०मध्ये टॉलस्टॉय फार्म उभा राहिला, तेव्हा हर्मन कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला करायला शिकून आले आणि त्यांच्याकडून गांधीजी शिकले. स्वतः केलेला एक जोड त्यांनी १९१४ साली आफ्रिकेतून निघताना जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं त्याच स्मट्सनी तो पंचवीस वर्षं जपला आणि १९३९मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, परत पाठवला. मोढ वाण्याच्या मुलानं केलेल्या चपला! मला त्या गोष्टीनं धीर दिला होता. गुरुजींना मी ती सगळी सांगितली.

“माझा आदर आहे,” ते म्हणाले. “आप्पासाहेबांबद्दल तर फारच. शहाण्यासुरत्या माणसाला सोसणार नाही असं काम ते वर्षानुवर्षं करत राहिले. पण त्यांनी ते एखाद्या दिवशी सोडलं असतं, तर ते पुन्हा आप्पासाहेब पटवर्धनच राहिले असते. आमच्यातल्या माणसानं सोडायचं ठरवलं की गाव खवळायचं. बाबासाहेबांनी १९२७ला महाडला काय सांगितलं? मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ज्या कामानं तुम्हाला हलकं ठरवलंय ते सोडा. एकजण म्हणतो काम पवित्र आहे, सगळ्यांनी करा. दुसरा म्हणतो आधी तुम्ही त्यातून बाहेर पडा. तुला कोणाचं पटतं?”

“दोघांचंही.”

“तुझ्या जागेवरून दोन्ही पटतं. माझ्या जागेवरून आधी दुसरं पटावं लागतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “२०१६ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिकडच्या लोकांनी मेलेली जनावरं उचलायचीच नाहीत असं ठरवलं. तुझ्या छंदात असा दिवस येत नाही, बाळ.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही. आत जाऊन मी चहा टाकला. चहा उकळताना एक जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती आपण काढू नये असं वाटत होतं. कप घेऊन बाहेर आले तर ती गुरुजींनीच काढली.

“तुला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुझे वडील मला घरी घेऊन आले होते. याच ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, गुरुजी, आमच्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटायचे नाहीत.”

“आठवतंय.”

“मनापासून बोलले ते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. कातड्याचे जोडे करणाऱ्याच्या मुलासमोर आपण हे बोलतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं, इतकं मनापासून. आणि चहा ओट्यावरच आला.”

मी दहा वर्षांची होते. ट्रे धरून आईच्या मागं उभी होते. तो चहा ओट्यावर का, हे मी तेव्हा विचारलं नाही. वडील गेले त्यालाही आता बारा वर्षं झाली.

“आत चला, गुरुजी,” मी म्हटलं. “इथं वारा आहे.”

“आता इथंच बरं वाटतंय. चामडं उचल ते, सर येतेय.”

भंडाऱ्याच्या डोंगरावरून पाऊस खाली उतरताना दिसत होता. आम्ही दोघांनी मिळून चामडं पडवीत घेतलं. एका टोकाला मी, दुसऱ्याला ते. हातात आल्यावर त्यांनी ते सोडलं नाही. उजेडाकडं धरून बघायला लागले, आणि पुढचा अर्धा तास आमच्यात वाद राहिला नाही.

मला चामड्याचं वेड का लागलं ते सांगायला मी पाच वर्षं माणूस शोधत होते. बँकेत दिवसभर केलेली चूक एका बटणानं मागं घेता येते. चामड्यावर रापी एकदा फिरली की फिरली. कापायच्या आधी ते हातानं वाचावं लागतं. मानेकडं सुरकुत्या असतात, पोटाकडं ते सैल असतं आणि ताणलं की लांबतं, पाठ सगळ्यात घट्ट. कुठं काटेरी कुंपणाचा ओरखडा जिवंतपणीच भरून आलेला, कुठं गोचिडाचे बारीक ठिपके. ती म्हैस कशी जगली हे त्यावर लिहिलेलं असतं. टाका दोन सुयांचा, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, त्यामुळं एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा खालच्यात नुसता अडकवलेला असतो, तो एका ठिकाणी गेला की उसवत जातो. शेवटी कडा. पाणी लावून लाकडानं घोटत राहायचं, घोटत राहायचं, मग कधीतरी ती काचेसारखी गुळगुळीत होते. साल-हिरड्यात कमावलेलं चामडं पुढं वर्षानुवर्षं हाताच्या घामानं, उन्हानं गडद होत जातं. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमचं, क्षारांत एका दिवसात कमावून निघतं. मऊ असतं, रंग हवा तो चढतो, पण असं म्हातारं होत नाही.

“वडील पाठीचं तळाला वापरायचे,” गुरुजी म्हणाले. “आणि वाद्यांना मान नाही, पोट नाही. पोटाची वादी आठ दिवसांत सैल होते. पण हे कमावणं आमचं नव्हे, हे लक्षात ठेव. कमावायचं ते ढोर समाजानं, संत कक्कय्यांना मानणाऱ्यांनी. शिवायचं ते आम्ही. बाहेरचे लोक सगळ्यांना एका पोत्यात घालतात. चुन्याच्या पाण्यात केस सुटायचे, मग ते खरवडायचं. मग कातडंच पिशवीसारखं शिवायचं, त्यात बाभळीची साल नि हिरडा घातलेलं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. पाणी कातड्यातून झिरपत राहायचं. पुन्हा भरायचं, उलटं करून पुन्हा टांगायचं. लहानपणी मला तो वास नको व्हायचा. आता तुझ्या ओट्यावर आला तर पाय थांबले.”

“हिरडा आपल्याच जिल्ह्यातला, गुरुजी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी गोळा करतात.”

“सगळं इथलंच होतं. तरी इतिहासात नाही. गढी बघायला शाळांच्या सहली येतात. सरसेनापती खंडेराव दाभाडे, त्यांच्या मोहिमा, सगळं सांगतात. घोड्याचं खोगीर कोणी शिवलं, पाण्याच्या पखाली, तलवारीची म्यानं? ती शिवल्याशिवाय फौज वेशीबाहेर गेली नसती. आणि भंडाऱ्यावर माघ दशमीला पखवाजावर थाप पडते तेव्हा पुडी कातड्याची असते, ओढून बांधलेल्या वाद्या कातड्याच्या. तिथं विटाळ होत नाही. वाजवणाऱ्याला होत नाही, ऐकणाऱ्याला होत नाही. मग करणाऱ्यालाच कसा व्हायचा?”

“वडिलांनी काम कधी सोडलं?”

“त्यांनी सोडलं नाही, कामानंच त्यांना सोडलं. आधी मोट गेली, विहिरींवर इंजिनं आली. मग टायरच्या चपला, प्लॅस्टिकचे बूट. १९६६ला मी अध्यापक विद्यालयात गेलो तेव्हा घरात वर्षाला मोजके जोड व्हायचे. तरी सुगीला खळ्यावर जावं लागायचं. मळणी झाली की बलुतेदारांनी उभं राहायचं, देईल तेवढं भात पदरात घ्यायचं. हाताला काम शिल्लक नाही आणि हात पसरणं तेवढं शिल्लक. मला ते सोडायचं होतं. रापीचा मला राग नव्हता कधी.”

पाऊस पत्र्यावर जोरात आला. आम्ही थोडा वेळ नुसते बसलो.

नंतर बोलणं कोल्हापुरीकडं गेलं, त्या महिन्यात ते जाणारच होतं. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या होत्या, आणि त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं. गदारोळ झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांना मिळून. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे चार, एवढ्या आठ जिल्ह्यांत केलेली चप्पलच कोल्हापुरी. मी तावातावानं बोलले, की बघा, परक्यांनी आपलं कसं उचललं.

“आपलं?” गुरुजींनी विचारलं.

मी थांबले.

“रागावू नकोस. पण मिलानच्या माणसानं कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून सगळा महाराष्ट्र पेटला, ते चांगलंच झालं. मात्र दुकानात कोल्हापुरी घेताना ती कोणी केली, त्याचं नाव आपण कधी विचारलं? त्याची बायको वेणी घालते, वाद्या वळते. तिचं?” त्यांनी माझं पाकीट पुन्हा हातात घेतलं. “मला एक सांग. तुम्ही छंदवाले पाकिटं करता, पट्टे करता, वहीला वेष्टण करता. पायातलं का नाही करत?”

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. मनात कारणं भराभर आली. फर्मा लागतो, तळाचं जाड चामडं लागतं, अंगठ्याचा कोन साधणं फार अवघड. पाकीट थोडं वाकडं झालं तर खिशात खपून जातं, चप्पल वाकडी झाली तर पायाला फोड येतो, माणसाचं सगळं वजन त्या टाक्यांवर पडतं. ही सगळी खरी कारणं आहेत आणि मी ती सांगितली.

“आणि?”

“आणि पाकीट भेट देता येतं, गुरुजी. चप्पल कोणी कोणाला भेट देत नाही.”

“का देत नाही?”

“पायातली म्हणून.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मी चामड्याला शिवले, पण पायापर्यंत गेले नाही. आई पाहुण्यांना पाकीट दाखवते. मी चपला करत बसले असते तर तिनं दाखवल्या असत्या का, आणि मी तिला दाखवू दिल्या असत्या का, याचं उत्तर मला त्याच क्षणी मिळालं. पाच वर्षं मी या कामाच्या वरच्या पायरीवर बसून होते, आणि ते मला आज कळलं.

“माझ्या वडिलांना लोकांचे पाय क्वचितच दिसायचे,” गुरुजी सांगू लागले. “वाड्यावरची माणसं पायाच्या लांबीची काडी मोडून पाठवायची. गडी काडी घेऊन यायचा. एवढी लांब, थोडी ऐसपैस कर, म्हणायचा. पाय यायचा नाही, काडी यायची. काडीला रुंदी नसते. अंगठा कुठं वळलाय, करंगळीला कुरूप आहे का, काडी काही सांगत नाही. तरी वडिलांची वहाण पायाला बसायची. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या जुन्या जोड्याकडं बघून ते ओळखायचे, टाच कुठं झिजलीय, पाय कसा पडतो. त्यावरूनच लोकांनी म्हण केली, चांभाराची नजर जोड्यावर. दुसरीकडं बघायची मुभा कुठं होती त्याला?”

सर ओसरली होती. ते उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत. आज ते नुसते फिरत आले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

“नात बारावी झाली,” ते म्हणाले. “तिला पादत्राणांचं डिझाइन शिकायचंय. केंद्र सरकारची संस्था आहे म्हणे, १९८६पासूनची, फुटवेअर डिझाइनची. मुलगा म्हणतो जाऊ दे. मी अजून हो म्हटलेलं नाही. साठ वर्षांपूर्वी ज्यातून बाहेर पडलो त्यात ती पदवी घेऊन परत चाललीय. मला वाटलं तू हे काम करतेस, तू तिला सांगशील, छंद म्हणून कर, पोटासाठी दुसरं बघ.”

“मी असं सांगणार नाही, गुरुजी.”

“का?”

“ती खळ्यावर उभी राहायला चाललेली नाही. ज्यांनी शिकायला हवं ते शिकणार नाहीत आणि माझ्यासारख्या आठवड्याच्या सुट्टीत शिवणाऱ्या बायका त्याच्या कार्यशाळा घेतील, हे मला बरोबर वाटत नाही. चेन्नईला चामड्याची संशोधन संस्था १९४८पासून आहे, तिथं शास्त्रज्ञ चामड्यावर काम करतात, त्यांना कोणी हलकं समजत नाही. तिनंही त्या खुर्चीत का बसू नये? तुम्ही मला आत्ता विचारलंत ना, करणाऱ्याचं नाव कुठं असतं म्हणून. तिच्या चपलेवर तिचं नाव असेल.”

“आणि नावापुढं आडनाव असेल. आडनावावरून लोक जे ओळखायचं ते ओळखतील.”

“ओळखतील.”

“म्हणजे तुलाही वाटतं ते.”

“वाटतं. पण तिनं बँकेत नोकरी धरली तरी ओळखतीलच. मग आपल्या आवडीच्या कामात ओळखू देत.”

गुरुजींनी यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ओट्याच्या पायरीशी त्यांच्या चपला पावसात भिजल्या होत्या. रबराच्या, पावसाळी. उजव्या पायाची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. मी ते बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“काय बघतेस?”

“तुमचा उजवा पाय बाहेर पडतो.”

“पडतो. गुडघ्यानं.” मग म्हणाले, “मला एक जोड करून देशील?”

“मला येत नाही अजून, गुरुजी. पहिला जोड बिघडेल.”

“बिघडू दे. दुसरा कर. पैसे पुरे घेणार असशील तर सांगतो, नाहीतर नाही. स्टेशनवर जा, त्याच्याकडून शीक, आणि या वेळी त्याला फी दे, महिन्याची ठरवून. बाहेरच्या हातची वहाण पायात कशी लागते ते मला बघू दे. मग नातीशी बोलतो.”

“तिला कोल्हापुरी म्हणता येणार नाही हं. आपला जिल्हा त्या आठांत नाही.”

“वहाण म्हण. वडील वहाणच म्हणायचे.”

मी आतून कॅलेंडरचं मोठं पान आणलं, कोरी बाजू वर करून पडवीत अंथरलं. गुरुजी भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि उजवा पाय कागदावर ठेवला. मी खाली बसले. चौथीपर्यंत दर गुरुपौर्णिमेला या पायांना मी हात लावला होता, पण तेव्हा डोळे मिटलेले असायचे. अंगठा आत वळलेला आहे, करंगळीला जुनं कुरूप आहे, टाच तडकलेली आहे, हे आज दिसत होतं. टाचेपासून सुरुवात करून मी पेन्सिल कडेकडेनं फिरवत पुढं न्यायला लागले.

“पेन्सिल उभी धर,” वरून आवाज आला. “आत झुकली की माप चुकतं.”